विमानतळ विश्रामकक्ष

विमानतळ विश्रामकक्ष : उड्डाणापूर्वी किंवा दोन उड्डाणांमधील अवधीत काही ठराविक प्रवाशांना बसण्यासाठी, अल्पोपाहारासाठी व विश्रांतीसाठी विमानतळावर राखून ठेवलेला कक्ष. सामान्य व्यवहारात तो ‘लाउंज’ या नावानेच ओळखला जातो. असा कक्ष एखाद्या विमान कंपनीचा स्वतःचा असतो किंवा कोणत्याही विमान कंपनीशी बांधलेली नसलेली स्वतंत्र संस्था तो चालविते. दुसऱ्या प्रकारच्या कक्षांचा प्रसार १९९० नंतरचा आहे. तथापि आज बिझनेस क्लासचे तिकीट असलेला प्रवासीही अनेक विमानतळांवर अशा परक्या कक्षातच उड्डाणाची वाट पाहतो.

प्रवाशांना श्रेणीनुसार वेगळे बसविण्याची पद्धत विमानवाहतुकीने निर्माण केलेली नाही. रेल्वेस्थानकांवरील वरच्या वर्गांची प्रतीक्षालये तिच्या कितीतरी आधीची आहेत. फरक एवढाच, की रेल्वेच्या प्रतीक्षालयात तिकीट दाखविले की प्रवेश मिळे; विमानतळावरील पहिल्या कक्षात मात्र तिकीट पुरेसे नव्हते.

हा पहिला कक्ष म्हणजे अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या ला ग्वार्डिया विमानतळावर उघडलेला ‘अॅडमिरल्स क्लब’ होय. कंपनीच्या विमानांना ‘फ्लॅगशिप’ म्हणजे आरमारप्रमुखाचे जहाज असे नाव होते. त्याला अनुसरून कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ यांच्या काळात मर्जीतील ग्राहकांना ‘अॅडमिरल’ ही मानाची पदवी देण्यात येई आणि क्लबात या मंडळींचाच राबता असे. पुढे पॅन अमेरिकन, ट्रान्स वर्ल्ड, युनायटेड इ. कंपन्यांनीही आपापले क्लब काढले. कोणाला बोलवावयाचे हे कंपनी ठरवी व त्याची कारणे सांगण्यास ती बांधलेली नसे. १९६० नंतरच्या दशकात या निवडीविरुद्ध भेदभावाची तक्रार झाली, तेव्हा अमेरिकी कंपन्यांनी वार्षिक वर्गणी घेऊन सभासदत्व देण्यास सुरुवात केली. आमंत्रणाची जागा पैशाने घेतली, हा या इतिहासातील पहिला पालट.

या क्लबांवर कंपन्या एवढा खर्च का करीत, याचे उत्तर भाडेनियंत्रणात सापडते. अमेरिकेत देशांतर्गत भाडी नागरी वैमानिकी मंडळाच्या संमतीने ठरत आणि आंतरराष्ट्रीय मार्गांवर इंटरनॅशनल एअर ट्रान्स्पोर्ट असोसिएशनचे (आयाटा) करार लागू असत. भाडे कमी करता येत नसल्यामुळे चढाओढ आदरातिथ्यात होई. १९५८ मध्ये अटलांटिक मार्गावरील स्वस्त श्रेणीत दिले जाणारे सँडविच नेमके केवढे असावे, यावरून कंपन्यांत रीतसर तंटा झाला होता. जमिनीवरील कक्ष हा त्याच चढाओढीचा भाग होता.

ऑक्टोबर १९७८ मध्ये अमेरिकेत नियंत्रणमुक्तीचा कायदा झाला आणि भाडी मोकळी झाली. सवलतीच्या तिकिटांचा सुळसुळाट होताच पूर्ण भाडे भरणारा व्यावसायिक प्रवासी निम्म्या भाड्यात आलेल्या पर्यटकाच्या शेजारी बसून कुरकुरू लागला. त्याच्यासाठी प्रथम श्रेणी व साधी श्रेणी यांमध्ये तिसरी श्रेणी निर्माण झाली. पॅन अमेरिकनने १९७८ मध्ये ‘क्लिपर क्लास’ सुरू केला. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने १९७९ मध्ये ‘बिझनेस क्लास’ हे आज रूढ झालेले नाव वापरले. कालांतराने विश्रामकक्षाचा प्रवेश हा या तिकिटाचाच भाग बनला. मे १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी अंतराच्या हिशेबाने लाभ देणारी योजना आणली. इतरांनी तिचे अनुकरण केले आणि हक्कदारांची संख्या वाढली.

येथे एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. कंपनीच्या मुख्य ठाण्यावर दिवसाला शेकडो उड्डाणे असतात. परंतु दूरच्या शहरातून तिचे एकच विमान सुटत असेल, तर दोन-तीन तासांसाठी भाड्याची जागा, स्वयंपाकघर व नोकरवर्ग पोसणे परवडत नाही. तिकिटाबरोबर दिलेले वचन तर पाळावयाचे असते. अशा ठिकाणी कंपनी दुसऱ्याच्या कक्षाशी करार करते. प्रवाशाला बोर्डिंग पासबरोबर निमंत्रणपत्रिका मिळते किंवा पासवरील नोंद पाहून दारावर प्रवेश दिला जातो, आणि माणशी ठरलेली रक्कम कंपनी कक्षचालकाला चुकती करते. प्रवाशाने स्वतः काही द्यावयाचे नसते. मात्र भोजनाचा दर्जा, बसण्याची जागा, स्नानगृह यांपैकी कशावरही त्या विमान कंपनीचा थेट ताबा नसतो. गैरसोय झाल्यास दोष मात्र तिच्याच माथी येतो.

कक्ष न बांधता केवळ प्रवेशाचा व्यापार करणारी ‘प्रायॉरिटी पास’ ही योजना १९९२ मध्ये आली. एका पत्रावर अनेक देशांतील निरनिराळ्या कक्षांत प्रवेश, असे तिचे स्वरूप होते. कक्ष चालविण्याच्या धंद्याला आशियात मोठे वळण १९९८ मध्ये लागले. त्या वर्षी जूनअखेर क्वालालंपूरचा आणि जुलैच्या आरंभी हाँगकाँगचा चेक लाप कोक येथील नवा विमानतळ सुरू झाला. मूळचे मलेशियाचे असलेले साँग होई-सी हे गुंतवणूक बँकेतील नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसायात पडले होते. नोकरीबरोबर वरच्या श्रेणीचा प्रवास गेला आणि कक्षाचे दारही बंद झाले. साध्या श्रेणीतील प्रवाशालाही पैसे भरून विसावता यावे, या विचाराने त्यांनी ‘प्लाझा प्रीमियम’ ही संस्था काढून या दोन्ही विमानतळांवर कक्ष उघडले. आशियातील आर्थिक अरिष्टाचे ते दिवस होते; तरीही संस्था तगली आणि पुढे भारतासह अनेक देशांत पसरली.

भारतातील परिस्थिती : विमानतळावरील आदरातिथ्याशी एअर इंडियाचे नाव प्रारंभापासून निगडित आहे. बॉबी कूका यांनी कल्पिलेला व चित्रकार उमेश राव यांनी मुंबईत १९४६ मध्ये रेखाटलेला ‘महाराजा’ हे तिचे बोधचिन्ह ठरले आणि कंपनीच्या विश्रामकक्षांनाही त्याचेच नाव मिळाले. दिल्लीचे तिसरे टर्मिनल २०१० मध्ये व मुंबईचे दुसरे टर्मिनल २०१४ मध्ये खुले झाले, तेव्हा अनेक परदेशी कंपन्यांनी स्वतंत्र कक्ष न काढता सामाईक कक्षांचा आश्रय घेतला. किंगफिशरची उड्डाणे २०१२ मध्ये व जेट एअरवेजची एप्रिल २०१९ मध्ये थांबली. बाजारपेठेचा मोठा भाग स्वस्त भाड्याच्या, स्वतःचे कक्ष नसलेल्या कंपन्यांकडे गेल्याने देशांतर्गत प्रवासातही तृतीय पक्षाचे कक्ष हाच मुख्य आसरा उरला.

परंतु त्यांची दारे विमानाच्या तिकिटापेक्षा बँकेच्या कार्डाने अधिक उघडू लागली. रुपे व इतर कार्डांवर ही सवलत मिळाल्यापासून कार्ड यंत्रात सरकवून दोन रुपयांसारखी नाममात्र रक्कम भरून आत जाण्याची पद्धत रूढ झाली. खरे मोल बँक वा कार्डसंस्था मध्यस्थामार्फत चुकते करते. याचा परिणाम अपेक्षितच होता. सकाळ-संध्याकाळच्या उड्डाणांच्या वेळी कक्षाबाहेर रांगा लागू लागल्या, आणि ज्याच्या तिकिटाच्या किमतीत हा विसावा धरलेला आहे, असा बिझनेस क्लासचा प्रवासीही काही ठिकाणी त्याच रांगेत उभा राहिला. २०२३-२४ च्या सुमारास अनेक बँकांनी मागील तिमाहीत ठराविक खर्च केल्याशिवाय प्रवेश नाही, अशी अट घातली. मध्यस्थांची साखळी किती नाजूक आहे, हे सप्टेंबर २०२४ मध्ये दिसून आले. ड्रीमफोक्स या अग्रगण्य मध्यस्थ कंपनीची सेवा अनेक विमानतळांवर अचानक खंडित झाली आणि कार्डधारकांना दारावरून परतावे लागले. या कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये आपली देशांतर्गत विश्रामकक्षांची सेवा बंद केली. त्याआधीच विमानतळचालकांनी बँकांशी परस्पर करार करण्यास आरंभ केला होता.

गर्दीचा प्रश्न केवळ भारतापुरता नाही. अमेरिकेत डेल्टा कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या कक्षांतील प्रवेशावर कडक निर्बंध जाहीर केले आणि ग्राहकांच्या रोषामुळे पुढच्याच महिन्यात ते काहीसे सैल केले. अन्यत्र उड्डाणापूर्वी तीन तासांहून लवकर प्रवेश न देणे, पाहुण्यांसाठी वेगळे शुल्क आकारणे, आगाऊ आरक्षण ठेवणे असे उपाय योजले जातात. काही कंपन्यांनी प्रमुख ठाण्यांवर बिझनेस क्लासच्या तिकीटधारकांपुरते वेगळे कक्ष पुन्हा उघडले आहेत. तेथे सभासदत्व किंवा कार्ड चालत नाही.