वैद्यकातील ‘रेडिओ’ आणि ‘वारंवारता’

किरण अथवा चाकाची आरी या अर्थाच्या ‘रेडियस’ या लॅटिन शब्दापासून रेडिओ, रेडियम आणि रेडिओलॉजी हे तिन्ही शब्द निर्माण झाले. मूळ एक असले तरी त्यांचे अर्थ भिन्न आहेत आणि त्यामुळे रुग्णांच्या मनात अकारण भीती निर्माण होते.

भौतिकशास्त्रात वारंवारता म्हणजे एका सेकंदातील आवर्तनांची संख्या. तिचे एकक हर्ट्झ. वैद्यकात हाच शब्द लक्षण किती वेळा उद्भवते हे सांगतो. मूत्रविकारतज्ज्ञाच्या टिपणातील ‘फ्रिक्वेन्सी’ म्हणजे वारंवार लघवीला होणे, इतकेच.

खरा गोंधळ एमआरआयबाबत होतो. १.५ टेस्ला क्षमतेच्या यंत्रातील रेडिओलहरींची वारंवारता सुमारे ६४ मेगाहर्ट्झ, म्हणजे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या एफएम पट्ट्याहूनही कमी असते. अणूतून इलेक्ट्रॉन विलग करण्याइतकी ऊर्जा या लहरींत नसते. सीटी स्कॅनमधील क्ष-किरणांत ती असते, कारण त्यांची वारंवारता अब्जावधी पट अधिक आहे. एमआरआयचा धोका निराळा आहे : प्रबळ चुंबकामुळे पेसमेकर किंवा शरीरातील धातूच्या वस्तूंबाबत आधी सांगणे अत्यावश्यक ठरते.

हृदयाच्या अनियमित लयीवरील रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशनमध्येही किरणोत्सर्गाने उपचार होत नाहीत. सुमारे ५०० किलोहर्ट्झच्या विद्युत्प्रवाहाने ऊतींचा लहानसा भाग तापवून निकामी केला जातो.

थायरॉईडसाठी दिले जाणारे रेडिओआयोडीन मात्र खरोखरच किरणोत्सारी असते. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य सुमारे ८ दिवसांचे असल्याने उपचारानंतर काही दिवस लहान मुले व गर्भवतींपासून दूर राहण्यास सांगितले जाते.