रोजगार हमी कायदा आणि वि. स. पागे

ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितल्यास ते पुरविण्याचे कायदेशीर बंधन स्वतःवर घेणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. या बंधनामागील कल्पना मांडणारे विठ्ठल सखाराम पागे हे मंत्री नव्हते, विधानसभेचे सदस्यही नव्हते. राज्याच्या वरिष्ठ सभागृहाचे, म्हणजे विधान परिषदेचे, ते सभापती होते. १९६० ते १९७८ अशी सुमारे अठरा वर्षे त्यांनी हे पद भूषविले. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

दुष्काळी तालुक्यातील लोकप्रतिनिधी

पागे यांचा जन्म १९१० मध्ये झाला. सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर हे त्यांचे कार्यक्षेत्र. व्यवसायाने वकील असलेल्या पागे यांनी स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतला होता आणि त्यांच्या विचारांवर गांधीवादाचा प्रभाव होता.

सांगली जिल्ह्याचा कृष्णाकाठ सुपीक असला, तरी पूर्वेकडील तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. कोरडवाहू शेतीवर अवलंबून असलेल्या या भागात पेरणी आणि काढणीचे दिवस वगळता शेतमजुराला व अल्पभूधारकाला हाताला काम नसे. पाऊस चुकला की उरलेले कामही जाई. महाराष्ट्रातील बहुतांश शेती पावसावर अवलंबून असल्याने हा प्रश्न एका तालुक्यापुरता मर्यादित नव्हता.

ब्रिटिश काळापासून चालत आलेल्या पद्धतीनुसार सरकारने टंचाई जाहीर केल्यानंतरच दुष्काळी कामे सुरू होत. काम केव्हा काढायचे, कोठे काढायचे आणि केव्हा बंद करायचे, याचा निर्णय प्रशासनाचा असे. मजुराला काम मागण्याचा हक्क नव्हता. पागे यांचा आक्षेप नेमका या ठिकाणी होता. बेकारी ही दुष्काळाच्या वर्षापुरती आपत्ती नसून ती दरवर्षीची स्थिती आहे, आणि रिकामे हात व पडीक जमीन यांची सांगड घातल्यास मजुरी आणि उत्पादक मालमत्ता दोन्ही निर्माण होतील, अशी त्यांची मांडणी होती.

तासगावचा प्रयोग

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तासगाव परिसरातील काही गावांत या कल्पनेचा प्रयोग करण्यात आला. बांधबंदिस्ती, जमीन सुधारणा, विहिरी, नालाबांध अशी शेतीला उपयोगी पडणारी कामे त्यात होती. हा कार्यक्रम 'पागे योजना' या नावाने ओळखला जाऊ लागला. तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी पागे यांच्या कल्पनेला पाठबळ दिले आणि १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्य सरकारच्या कार्यक्रमाचा भाग झाली.

त्याच सुमारास महाराष्ट्रावर शतकातील भीषण दुष्काळांपैकी एक दुष्काळ कोसळला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली. रस्त्यांसाठी खडी फोडणारे मजूर आणि मजुरांना दिली जाणारी सुकडी ही त्या वर्षांची आठवण ग्रामीण महाराष्ट्रात आजही सांगितली जाते. टंचाईच्या कामांमुळे नवी योजना काही काळ मागे पडली. मात्र अधिक मजुरी आणि नियमित कामासाठी मजुरांनी काढलेले मोर्चे, तसेच डाव्या पक्षांनी व शेतमजूर संघटनांनी केलेली आंदोलने यांमुळे दुष्काळ ओसरल्यानंतरही काम देण्याची जबाबदारी सरकारला झटकता आली नाही.

पैशाची तरतूद

योजनेला कायद्याचे रूप देण्यापूर्वी तिच्यासाठी पैसा उभा करणे आवश्यक होते. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला. नोकरदार, व्यापारी आणि व्यावसायिक यांच्याकडून मिळणाऱ्या या कराचे उत्पन्न रोजगार हमीसाठी वळविण्याची तरतूद करण्यात आली. मोटार वाहन कर, विक्रीकर, बागायती जमीन आणि शहरांतील अनिवासी इमारती यांवरील विशेष आकारणीचीही त्यात भर पडली. या करांतून जमा होणाऱ्या रकमेइतकीच रक्कम राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी, असे ठरले.

मुंबई-पुण्यातील नोकरदाराच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय कराचा उगम अशा रीतीने दुष्काळी तालुक्यांतील मजुरीशी जोडलेला आहे. शहरांनी खेड्यांच्या रोजगाराचा भार उचलावा, हे तत्त्व त्यातून राज्याच्या करव्यवस्थेत आले. दरवर्षीच्या अर्थसंकल्पातील ओढाताणीवर योजना सर्वस्वी अवलंबून राहिली नाही, याचे श्रेय बव्हंशी या स्वतंत्र निधीला जाते.

कायद्यातील तरतुदी

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला. १९७८ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यापूर्वीच, एप्रिल १९७८ मध्ये, पागे सभापतिपदावरून निवृत्त झाले होते.

राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क नमूद असला, तरी तो मार्गदर्शक तत्त्वांचा भाग असल्याने त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. हा हक्क परिणामकारक करणे, हे अधिनियमाचे उद्दिष्ट उद्देशिकेतच नमूद करण्यात आले. अकुशल अंगमेहनतीचे काम करण्यास तयार असलेल्या ग्रामीण भागातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला त्याने ही हमी दिली. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देणे बंधनकारक झाले. हा भत्ता सुरुवातीला दिवसाला किमान १ रुपया इतका अल्प होता.

कामाच्या दिवसांची वार्षिक मर्यादा कायद्यात नव्हती आणि हमी कुटुंबाला नसून व्यक्तीला होती. त्यामुळे घरातील स्त्रीला स्वतःच्या नावे काम मागता येत असे. स्त्री व पुरुष यांना कामाच्या मोजमापानुसार समान दर लागू होता. अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर सोपविण्यात आली. पाझर तलाव, मृदसंधारण, वनीकरण, रस्ते ही प्रमुख कामे होती. १९९० पासून फळबाग लागवडीलाही योजनेची जोड देण्यात आली आणि कोरडवाहू भागात आंबा, बोर, डाळिंब, सीताफळ यांच्या बागा त्यातून उभ्या राहिल्या.

सभापतिपदाची मर्यादा आणि बळ

विधान परिषद हे स्थायी सभागृह आहे. महाराष्ट्रात तिचे ७८ सदस्य असून त्यांची मुदत सहा वर्षांची असते. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. वित्त विधेयकांबाबत अंतिम अधिकार विधानसभेचाच असतो. सभापती पक्षीय वादविवादात उतरत नाहीत आणि समसमान मते पडल्यासच निर्णायक मत देतात.

या चौकटीत पागे यांना स्वतः विधेयक रेटणे शक्य नव्हते. ते सरकारने मांडले. पागे यांचे काम कल्पना मांडण्याचे, प्रयोगाने ती सिद्ध करण्याचे आणि सत्ताधारी व विरोधक या दोघांनाही ती पटवून देण्याचे होते. मुख्यमंत्रिपद वसंतराव नाईक यांच्याकडून शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील आणि शरद पवार यांच्याकडे गेले, सरकारांची घडण बदलली, तरी योजना मागे घेतली गेली नाही.

त्रुटी आणि टीका

कायद्यातील हमी आणि कामावरील अनुभव यांत मात्र अंतर राहिले. मोजमापाला होणारा विलंब, हजेरीपटावरील खोटी नावे, मजुरी हाती पडण्यास लागणारा वेळ या तक्रारी सातत्याने होत राहिल्या. नवे काम सुरू करण्यासाठी साधारणपणे किमान ५० मजुरांची अट असल्याने डोंगराळ भागातील लहान वाड्या-पाड्यांची अडचण झाली. बेकारी भत्ता प्रत्यक्षात क्वचितच दिला गेला.

१९८८ मध्ये मजुरीचे दर सुमारे दुप्पट झाले. त्यानंतर कामावरील उपस्थिती घटली. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी प्रशासनाने पुरेशी कामेच काढली नाहीत, असा निष्कर्ष काही अर्थतज्ज्ञांनी काढला. निधी शिल्लक असताना मजुरांना काम मिळत नाही, ही टीका पुढेही होत राहिली. मराठवाड्यातून ऊसतोडणीसाठी दरवर्षी होणारे स्थलांतरही या योजनेमुळे थांबले नाही.

राज्याकडून देशाकडे

२००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम संमत केला, तेव्हा महाराष्ट्राचा सुमारे तीन दशकांचा अनुभव समोर होता. मागणीनुसार काम, १५ दिवसांची मुदत आणि बेकारी भत्ता ही महाराष्ट्राच्या कायद्यातील सूत्रे त्यात आली. मात्र केंद्रीय हमी प्रत्येक कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची होती. २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यातून अंमलबजावणीस प्रारंभ झाला, १ एप्रिल २००८ पासून ती देशातील सर्व ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाली आणि २००९ मध्ये तिला महात्मा गांधी यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्राने आपला कायदा रद्द न करता २००६ मध्ये त्यात सुधारणा केली आणि १०० दिवसांपुढील रोजगाराची जबाबदारी राज्याकडे ठेवली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने केंद्रीय कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ करण्यात आले असून मजुरीच्या खर्चातही राज्यांचा वाटा ठेवण्यात आला आहे. रोजगाराच्या हमीचा पैसा कोणी द्यायचा, हा १९७५ मध्ये महाराष्ट्राने सोडविलेला प्रश्न त्यामुळे पुन्हा चर्चेत आला.

पागे यांचे १९९० मध्ये निधन झाले. महाराष्ट्र विधिमंडळाच्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले आहे. टंचाई जाहीर होण्याची वाट न पाहता काम मागण्याचा अधिकार ग्रामीण मजुराला मिळाला, हा त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा सर्वांत मोठा वारसा मानला जातो.