सतीशिळा
सतीशिळा : मृत पतीच्या चितेवर प्राण दिलेल्या, किंवा द्यावा लागलेल्या, स्त्रीच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड. कर्नाटकात त्यास ‘मास्तिकल्लु’ (महासतीचा दगड) म्हणतात. महाराष्ट्रात अशा शिळा गावाच्या वेशीपाशी, नदीकाठी अथवा देवळाच्या आवारात, बहुधा वीरगळांच्या सोबतीने आढळतात. शेंदूर फासल्यामुळे त्यांचे मूळ रूप पुष्कळदा ओळखूही येत नाही.

सहगमनाच्या आद्य स्मारकांपैकी एक मध्य प्रदेशातील एरण येथे आहे. हूणकालीन संघर्षात पडलेला गोपराज व त्याच्यामागे अग्निप्रवेश केलेली त्याची पत्नी यांचा उल्लेख त्या स्तंभलेखात असून त्याचा काळ इ. स. ५१० आहे. पत्नीचे नाव मात्र लेखात नाही.

सतीशिळेची मुख्य खूण म्हणजे कोपरात वाकलेला व पंजा वर केलेला स्त्रीचा हात. हातात बांगड्या किंवा चुडा स्पष्ट कोरलेला असतो. सौभाग्य अखंड राहिले, वैधव्य आलेच नाही, असा त्याचा अर्थ. कर्नाटकातील शिळांत कधीकधी बोटांत लिंबूही दिसते. वर चंद्रसूर्य असतात, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती टिकावी. पती लढाईत पडला असल्यास वीरगळाच्याच एखाद्या खणात हा हात कोरून दोघांचे स्मारक एकत्र केलेले दिसते. काही शिल्पांत ज्वाळा व त्यांतील स्त्री प्रत्यक्ष दाखविली आहे. परंतु बहुसंख्य शिल्पकारांनी चिता टाळून केवळ हात कोरणे पसंत केले. आशीर्वाद देणाऱ्या त्या हातामागील मरण पाहणाऱ्याला सहज दिसत नाही.

महाराष्ट्रातील बहुतेक शिळांवर लेख नसल्याने ती स्त्री कोण, किती वयाची, स्वेच्छेने गेली की नातलगांच्या दडपणाने, हे ठरविता येत नाही. या दृष्टीने बेलतूरु (कर्नाटक) येथील इ. स. १०५७ चा कन्नड लेख मोलाचा ठरतो. देकब्बेला आईवडिलांनी परोपरीने विनविले, तरी ती थांबली नाही, असे त्यात नमूद आहे. सर्वच शास्त्रकारांचा या प्रथेस पाठिंबा होता असे समजणेही चुकीचे आहे. मनुस्मृतीचा भाष्यकार मेधातिथी याने तिला विरोध केला होता, तर बाणभट्टाने कादंबरीत अनुमरणाची स्पष्ट निंदा केली आहे.

उत्तरकाळात शिळेची जागा काही ठिकाणी वृंदावन वा छत्री यांनी घेतली. थोरले माधवराव पेशवे यांच्यामागे १७७२ मध्ये सती गेलेल्या रमाबाईंचे स्मारक थेऊर येथे आहे. बंगालमध्ये १८२९ साली आणि पुढील वर्षी मुंबई व मद्रास इलाख्यांत सतीबंदी झाली. राजस्थानातील देवराळा येथील १९८७ च्या घटनेनंतर केलेल्या केंद्रीय कायद्याने सतीचे उदात्तीकरण व त्यासाठी नवे मंदिर उभारणे हाही गुन्हा ठरविला. जुन्या शिळा मात्र इतिहासाची साधने आहेत. त्यांची नोंद व जतन गावोगावी अद्याप अपुरेच आहे.