गोवा चूर्ण

(अरारोबा, बहिया चूर्ण). गजकर्ण व सोरियासिस या त्वचारोगांवर पूर्वी मोठ्या प्रमाणावर वापरण्यात येणारे वनस्पतिजन्य औषध. नावात गोवा असला, तरी त्याचा उगम गोव्यातील नाही. ब्राझीलमधील बहिया प्रांताच्या दमट अरण्यांत वाढणाऱ्या अरारोबा (व्हाटायरिऑप्सिस अरारोबा, जुने नाव अँडिरा अरारोबा, कुल–लेग्युमिनोजी) या उंच वृक्षाच्या मध्यकाष्ठातील भेगांत व पोकळ्यांत ते साठते. वृक्ष तोडून, त्याचे ओंडके चिरून व फोडून चूर्ण खरवडून काढतात. ताजे चूर्ण फिकट पिवळे असते; हवेच्या संपर्काने ते गडद तपकिरी होत जाते. ते अतिशय दाहक असल्याने गोळा करणाऱ्यांच्या डोळ्यांना व चेहऱ्याला त्याची तीव्र बाधा होते.

प्रसार व नाव : भारताकडे येणारी पोर्तुगीज जहाजे अनेकदा बहियाच्या बंदरात थांबत. काजूसारख्या ब्राझीलच्या वनस्पती ज्या दर्यावर्दी संबंधांतून गोव्यात आल्या, त्यांतूनच हे चूर्णही तेथे पोहोचले. गोव्यातील ख्रिस्ती समाजात ते गजकर्णावरील गुप्त औषध म्हणून प्रचलित होते. तेथून ते मुंबईच्या बाजारात येई. विकणाऱ्यास व घेणाऱ्यास त्याचे मूळ ठाऊक नसल्यामुळे ज्या गावाहून ते येई, त्याचेच नाव त्याला मिळाले. मुंबईचे औषधविक्रेते डी. एस. केंप यांनी १८६४ मध्ये लंडनच्या औषधशास्त्रीय नियतकालिकातून त्याची माहिती प्रथम प्रसिद्ध केली. पुढे १८७४ मध्ये कलकत्त्याचे वैद्य जोसेफ फेरर यांनी गजकर्णावरील त्याच्या गुणाविषयी लिहिले. ते वाचून बहियातील वैद्य जे. एफ. दा सिल्व्हा लिमा यांनी १८७५ मध्ये दाखवून दिले की, गोवा चूर्ण म्हणजे आपल्याच प्रांतातील अरारोबा होय. अशा रीतीने या औषधाचे मूळ उघड झाले.

कोकणात गजकर्णावर याहून जुना स्थानिक उपचार होता. पावसाळ्यात जिची भाजी केली जाते, त्या टाकळा या वनस्पतीचे बी वाटून ताकात वा लिंबाच्या रसात कालवून त्वचेवर लावत. संस्कृतात टाकळ्यास चक्रमर्द व दद्रुघ्न (गजकर्णाचा नाश करणारा) अशी नावे आहेत. टाकळ्याच्या बियांतील व अरारोबातील काही घटक अँथ्रॅक्विनोन या एकाच रासायनिक वर्गाशी निगडित आहेत. दोन खंडांतील दोन वेगळ्या वनस्पतींचा एकाच रोगावर उपयोग होत असे, याचा काही अंशी उलगडा या साम्यावरून होतो.

रासायनिक संशोधन : इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जॉन ॲटफील्ड यांनी १८७५ मध्ये या चूर्णाचे विश्लेषण केले आणि त्यातील मुख्य घटक रेवाचिनीत आढळणारे क्रायसोफॅनिक अम्ल हाच असल्याचे सांगितले. हा निष्कर्ष अपुरा होता. कार्ल लीबरमान व पी. सायडलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८७८ मध्ये असे सिद्ध केले की, मूळ पदार्थ निराळा असून अल्कलीच्या सान्निध्यात हवेतील ऑक्सिजनाशी संयोग झाल्यावर त्याचे क्रायसोफॅनिक अम्ल बनते. या पदार्थास त्यांनी क्रायसारोबिन हे नाव दिले. १८८५ च्या ब्रिटिश औषधिकोशात त्याचा समावेश झाला.

सोरियासिसवरील उपयोग : या औषधाच्या इतिहासातील महत्त्वाचे वळण चुकीच्या निदानातून आले. गजकर्ण समजून गोवा चूर्णाने उपचार केलेल्या एका रुग्णाचा रोग वस्तुतः सोरियासिस होता आणि तो या उपचाराने बरा होऊ लागला, असे लंडनचे त्वचारोगतज्ञ बामॅनो स्क्वायर यांना आढळले. त्यांनी १८७६ मध्ये ही माहिती प्रसिद्ध केली. गजकर्ण कवकामुळे होतो व तो संसर्गजन्य आहे. सोरियासिसमध्ये संसर्ग नसतो, तर त्वचेच्या बाह्यस्तरातील कोशिकांची वाढ फार वेगाने होते. वर्तुळाकार, लालसर व खपल्यायुक्त चट्टे दोन्हींत दिसत असल्याने त्यांची गल्लत होई.

पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत अरारोबाची आयात अशक्य झाली. तेव्हा बायर कंपनीने क्रायसारोबिनाच्या रेणूतील मिथिल गट वगळलेले संयुग कृत्रिम रीत्या तयार केले. सिग्नोलीन या नावाने आलेल्या या औषधाचे सोरियासिसवरील अनुभव ओयगेन गालेव्हस्की व पाउल गेर्सोन उना यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केले. हेच पुढे डिथ्रॅनॉल म्हणून ओळखले गेले. इंग्लंडमधील लीड्स येथील जे. टी. इंग्रॅम यांनी १९५३ मध्ये डांबरयुक्त पाण्याचे स्नान, जंबुपार किरण व डिथ्रॅनॉलाचा लेप अशी एकत्रित उपचारपद्धती मांडली. निरोगी त्वचेची आग होणे आणि त्वचेवर व कपड्यांवर तपकिरी-जांभळे डाग पडणे हे या औषधाचे दोष होत. ते टाळण्यासाठी १९८० नंतर लेप थोडा वेळच ठेवून धुऊन टाकण्याची पद्धत रूढ झाली. नव्या औषधांमुळे डिथ्रॅनॉलाचा वापर आता मर्यादित झाला आहे.

नंतरची स्थिती : गजकर्णावर पुढे बेंझॉइक व सॅलिसिलिक अम्लांचे व्हिटफील्ड मलम प्रचारात आले. १९३९ मध्ये पेनिसिलियम कवकापासून वेगळे केलेले ग्रिझिओफुल्व्हिन पोटातून दिल्यास गजकर्णावर गुणकारी ठरते, हे १९५८ मध्ये जे. सी. जेंटल्स यांच्या गिनीपिगांवरील प्रयोगांतून दिसून आले. त्यानंतर ॲझोल वर्गातील औषधे व टर्बिनाफीन आली आणि गोवा चूर्ण मागे पडले.

गल्लतीचा प्रश्न मात्र मिटला नाही. १९५२ मध्ये मॅरियन सल्झबर्गर व व्हिक्टर विटन यांनी इसबासारख्या रोगांवर हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावण्याचा उपयोग दाखवून दिला. त्यानंतर स्टेरॉइडयुक्त मलमांचा प्रसार झाला. अशा मलमाने गजकर्णाची लाली व खाज कमी होते. पण कवक वाढतच राहते व चट्ट्याची ओळखीची कड पुसट होते. भारतात अशी मिश्र मलमे वैद्यकीय सल्ल्याविना सर्रास वापरली गेली. २०१० नंतरच्या दशकात येथे दीर्घकाळ टिकणाऱ्या व उपचारांना दाद न देणाऱ्या गजकर्णाचा मोठा फैलाव झाला. त्याच्या कारणांत हा गैरवापरही तज्ञ मोजतात. या फैलावास कारणीभूत असलेल्या व अनेकदा टर्बिनाफीनास न जुमानणाऱ्या कवकास २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनिई हे नाव देण्यात आले.

स्क्वायर यांच्या रुग्णाच्या बाबतीत चुकीचे निदान योगायोगाने लाभदायक ठरले. गजकर्णावर इसबाचे मलम लावण्यात असा लाभ होत नाही. म्हणून त्वचेच्या खपलीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून कवकाची खात्री करणे व नंतरच औषध निवडणे हाच सुरक्षित मार्ग होय.