पाठभेदापासून शाखा-विलीनीकरणापर्यंत : मुक्त स्रोत प्रकल्पांचा एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

एकच संहिता अनेक हातांनी लिहिली जाऊ लागली की, कोणता पाठ ग्राह्य मानावा आणि तो ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्राला तो नवीन नाही. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पुढील तीन शतकांत अनेक पाठभेद शिरले आणि शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये संत एकनाथांनी तिची शुद्ध प्रत तयार केली. संगणकयुगात मुक्त स्रोत आज्ञावलींच्या संदर्भात हाच प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला. प्रस्तुत लेखात शाखा-विलीनीकरणाच्या या पद्धतीचा विकास आणि तिचे मराठीशी असलेले नाते यांचा विचार केला आहे.

शाखा व विलीनीकरण : संकल्पना

ठाणे जिल्ह्यातील दिवा जंक्शन येथे पनवेलकडून व वसईकडून येणारे लोहमार्ग मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाला मिळतात. तेथे एका गाडीला वाट द्यावयाची तर दुसरीला थांबावे लागते, कारण रूळ एकच असतो. आज्ञावलीच्या शाखेचे तसे नाही. प्रत्येक लेखक मूळ संहितेची प्रत घेऊन स्वतंत्रपणे काम करतो. कोणालाही थांबावे लागत नाही. अडचण उद्भवते ती दोन्ही प्रती पुन्हा एक करताना.

दोनच प्रती समोर असतील तर त्यांतील फरक दिसतो, परंतु बदल कोणी केला हे कळत नाही. एका प्रतीत एखादी ओळ आहे व दुसरीत नाही, तर ती पहिल्याने घातली की दुसऱ्याने गाळली? याचे उत्तर दोन्ही प्रतींच्या समान पूर्वजाशी तुलना केल्यावरच मिळते. यास त्रिमार्गी विलीनीकरण म्हणतात. एकाच शाखेत झालेला बदल आपोआप स्वीकारला जातो. दोन्ही शाखांनी एकाच ओळीत भिन्न बदल केले असल्यास ‘संघर्ष’ नोंदविला जातो आणि निर्णय माणसावर सोपविला जातो.

ऐतिहासिक विकास :

आज्ञावलींच्या आवृत्त्या जतन करणारी एससीसीएस ही प्रणाली मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत विकसित केली. वॉल्टर टिची यांची आरसीएस प्रणाली १९८० च्या दशकाच्या आरंभी आली. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ ही उपयुक्त आज्ञावली प्रसिद्ध केली. तिच्यामुळे संपूर्ण संहिता न पाठविता केवळ फरक पाठविणे सुलभ झाले आणि दूरस्थ लेखकांच्या सहकार्याचा मार्ग मोकळा झाला.

१९९१ मध्ये सुरू झालेल्या लिनक्सच्या गाभ्यासाठी लिनस टॉरवाल्ड्स आरंभीची अनेक वर्षे असेच फरक हाताने स्वीकारीत. २००२ मध्ये त्यांनी बिटकीपर ही खासगी प्रणाली वापरण्यास प्रारंभ केला. एप्रिल २००५ मध्ये तिची विनामूल्य सवलत काढून घेण्यात आली, तेव्हा त्यांनी अल्पावधीतच ‘गिट’ निर्माण केली. त्याच वर्षी जुलैमध्ये तिची धुरा जुनिओ हामानो यांच्याकडे गेली. गिटमध्ये प्रत्येकाजवळ संपूर्ण इतिहास असतो आणि प्रत्येक विलीनीकरणाच्या नोंदीत त्याच्या जनक आवृत्त्यांचा निर्देश राहतो.

पाठचिकित्सेशी तुलना :

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य सुरू झाले व १९६६ मध्ये पूर्ण झाले. १९२५ पासून १९४३ पर्यंत प्रमुख संपादक असलेल्या विष्णु सीताराम सुखटणकरांनी उत्तरेकडील व दक्षिणेकडील परंपरांचे शाखानुसार वर्गीकरण केले. परस्परांशी संबंध नसलेल्या शाखांत जो पाठ समान आढळे, तो प्राचीन मानण्याकडे त्यांचा कल होता.

येथे दोन्ही पद्धतींतील मूलभूत भेद स्पष्ट होतो. पाठचिकित्सकाजवळ शाखा असतात, पूर्वज हरवलेला असतो. त्यामुळे तो शाखांतील साम्य शोधत मागे जातो. आज्ञावलीकाराजवळ पूर्वज सुरक्षित असतो. तो पूर्वजाहून भिन्न झालेला भाग शोधत पुढे जातो. पहिल्यासाठी नंतरची भर हा प्रक्षेप, दुसऱ्यासाठी तेच योगदान. तथापि नाकारलेला पाठ नष्ट न करण्याचे पथ्य दोघेही पाळतात. चिकित्सक आवृत्तीत तो तळटीपांत व परिशिष्टांत राहतो, तर गिटच्या इतिहासात जुनी आवृत्ती पुन्हा पाहता येते.

मराठीचा अनुभव :

रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये भारतीय भाषांसाठी ‘लोहित’ टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध केले. देवनागरी लिहिणाऱ्या विविध भाषांसाठी आरंभी वेगवेगळे टंक होते. बहुतांश अक्षरे समान असल्याने एकच दुरुस्ती अनेक ठिकाणी करावी लागे. पुढे हिंदी, कोकणी, मैथिली इत्यादींसाठी ‘लोहित देवनागरी’ हा समाईक टंक झाला. मराठीचा टंक मात्र वेगळा राहिला. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदीतील प्रचलित रूपांहून भिन्न आहेत. संपूर्ण विलीनीकरणात बहुसंख्यांचे रूप टिकते आणि अल्पसंख्यांचे लोपते, हा धोका येथे केवळ तांत्रिक नाही. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये निर्णय काढून मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण केले. परंतु शासकीय निर्णय पडद्यावर उमटावयाचा तर तो टंकाच्या संहितेत कोणीतरी समाविष्ट करावाच लागतो.

निष्कर्ष :

विलीनीकरणाचे यांत्रिक अंग गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ सुधारले. निर्णयाचे अंग मानवीच राहिले. दोन ओळी संघर्षाविना एकत्र आल्या म्हणजे त्यांचा अर्थ जुळला असे होत नाही, हे यंत्राला समजत नाही. २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या प्रकल्पात विश्वास संपादन केलेल्या एका सहभागीने घातक संहिता घुसविल्याचे उघड झाले. त्यावरून स्वीकृतीचा अधिकार किती जोखमीचा असतो हे दिसून आले. म्हणून मराठीसारख्या भाषेच्या दृष्टीने केवळ योगदान देणारे पुरेसे नाहीत. दोन शाखांतील भेद दोष आहे की वैशिष्ट्य, हे ओळखणारे जाणकार संपादक विलीनीकरणाच्या स्थानी असणे तितकेच आवश्यक आहे.