भाग ३१ : बाबासाहेबांचं सामान

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की आता परदेशात जाणार आहेस तर पॅकिंगवर एक भाग कर. या चॅनलवर इतिहास चालतो, त्यामुळे कोणती बॅग घ्यायची हे मी सांगणार नाही. पण परदेशी जाताना आपल्या माणसांनी काय नेलं, येताना काय आणलं आणि वाटेत काय हरवलं, हा इतिहासाचाच विषय आहे. त्यातली मला सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट आज सांगतो. ती आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सामानाची.

आधी थोडं घरचं. मी नरडाण्याचा. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं, धुळे आणि शिरपूरच्या मधलं गाव. सुरत-भुसावळ लाइनवरचं स्टेशन. कंपनीकडून जर्मनीला जायचं ठरलं आणि तिकिटावर एकच ओळ महत्त्वाची निघाली : एक बॅग, २३ किलो. घरात मग वजनकाटा आला. उडदाचे पापड, बिबड्या, शेवभाजीचा मसाला, लसणाची चटणी. आजीचं एकच पालुपद, "तठे काही भेटत नही रे भाऊ." मी दोन पुस्तकं बाहेर काढली की तिथे लगेच पापडाचं पुडकं जाऊन बसायचं. पुस्तक की पापड, हा आमच्याकडे गमतीचा वाद होता. शंभर वर्षांपूर्वी एका माणसासाठी तो गमतीचा नव्हता.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची असा करार. या पैशातून स्वतःचा खर्च भागवायचा आणि घरीही पाठवायचे. तरीही कोलंबिया विद्यापीठात शिकताना ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांत फिरत राहिले. धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात आकडा येतो सुमारे दोन हजार पुस्तकांचा. जेवणातून वाचवलेल्या पैशातून घेतलेली दोन हजार पुस्तकं! ती भारतात आणायला एका ओळखीच्या माणसाकडे सोपवली आणि त्यातली काहीच पोचली.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून निघावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी तेवढी त्यांनी मिळवून ठेवली.

आता काळ लक्षात घ्या. पहिलं महायुद्ध चालू आहे. समुद्रात जर्मन पाणबुड्या बोटी बुडवतायत. बाबासाहेब स्वतः आगगाडीने फ्रान्समधल्या मार्सेय बंदरापर्यंत गेले आणि तिथून 'कैसर-ए-हिंद' बोटीत बसले. जड सामान आणि पुस्तकं थॉमस कुक कंपनीमार्फत दुसऱ्या बोटीने पाठवली. ती बोट टॉर्पेडो लागून बुडाली. इकडे घरी बोट बुडाल्याचं कळलं तेव्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. ते दुसऱ्या बोटीत आहेत हे समजल्यावर घरच्यांच्या जिवात जीव आला. २१ ऑगस्ट १९१७ ला ते मुंबईत उतरले. माणूस पोचला, सामान समुद्राच्या तळाशी गेलं.

आमच्या धंद्यात पहिल्या दिवसापासून शिकवतात, बॅकअप ठेवा. त्या काळी पुस्तकाला बॅकअप नव्हता. समासात केलेल्या खुणा, मध्ये घातलेले कागद, हे परत कुठल्याच दुकानात मिळत नाही.

थॉमस कुकने भरपाई दिली ६०० रुपये. आणि गंमत म्हणा किंवा दैवदुर्विलास म्हणा, करारानुसार बडोद्याला नोकरीवर जायचं तर हाताशी पैसे नव्हते. तेव्हा हेच ६०० रुपये कामाला आले. बुडालेल्या पुस्तकांच्या पैशातून बडोद्याचा प्रवास झाला.

तिथे काय झालं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात. बडोद्यात अस्पृश्याला जागा कोण देणार? पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. भाडं दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर अडगळीत एकटेच, उजेडाला एक कंदील. काही दिवसांनी बहिणीचा मुलगा मुंबईहून त्यांचं उरलेलं सामान घेऊन आला. मामाची ती अवस्था बघून तो इतक्या मोठ्याने रडायला लागला की त्याला लगेच परत पाठवावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी आले आणि खोली रिकामी करायला सांगितली. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही घरात घेतलं नाही. मुंबईच्या गाडीला वेळ होता. ते पाच तास एका सार्वजनिक बागेत बसून राहिले.

त्याच लिखाणात ते म्हणतात की युरोप-अमेरिकेतल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याची जाणीवच मनातून पुसली गेली होती. म्हणजे बघा, समुद्रापलीकडे जे ओझं उतरलं होतं ते बडोद्याच्या स्टेशनवर उतरताच पुन्हा डोक्यावर आलं. पुस्तकाच्या नावातला 'व्हिसा' शब्द मला तिथे लागतो. न्यूयॉर्क-लंडनमध्ये राहून आलेल्या माणसाला आपल्याच देशातल्या एका खोलीचा परवाना मिळत नव्हता.

आपल्या खानदेशानेही तेच केलं. २३ ऑक्टोबर १९२९. तोपर्यंत त्यांच्याकडे लंडनची डी.एस्सी. होती, बॅरिस्टरी होती. चाळीसगाव स्टेशनवर उतरल्यावर टांगेवाल्यांनी त्यांना न्यायला नकार दिला. तोडगा असा निघाला की टांगा मिळेल, पण हाकणारा टांगेवाला नसेल. वस्तीतल्या ज्या माणसाने लगाम धरला त्याने आधी टांगा हाकलेला नव्हता. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. मी चाळीसगावला कितीदा गाडी बदललीय, तिथे हे घडलं हे मला शाळेत कोणी सांगितलं नाही. धुळ्याजवळच्या लळिंगचा लांडोर बंगला मात्र आपल्याला माहीत असतो. ते तिथे १९३७ मध्ये राहिले होते आणि दरवर्षी ३१ जुलैला तिथे लोक जमतात.

पण सामानाची गोष्ट १९१७ ला संपत नाही. १९२० मध्ये ते परत लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज, यावर. राहण्याच्या ठिकाणी जेवण अगदी तुटपुंजं. रात्री उशिरापर्यंत वाचताना भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्याच्या थाळीवर भाजून खायचे. हे वाचल्यापासून मी आजीच्या पापडांना हसत नाही. पुस्तक वाचणाऱ्याला रात्री जागं ठेवायला पापडही लागतो. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली आणि 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध पुस्तकरूपाने आला.

पुढे त्यांनी मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं, ते मुख्यतः पुस्तकं ठेवता यावीत म्हणून. जे समुद्राने नेलं त्यापेक्षा कितीतरी जास्त पुन्हा जमवलं, आणि त्यातला मोठा संग्रह सिद्धार्थ कॉलेजला गेला. ज्यांच्याकडे २३ किलोचंही तिकीट नव्हतं त्या पोरांना ती पुस्तकं हाताळता आली.

आज आपल्यापैकी कितीतरी जण बॅग भरून बाहेर पडतात. तिकडे आपल्याला आडनाव कोणी विचारत नाही, बरं वाटतं. पण आपलीच माणसं चार जण जमली की हळूच विचारतात, "गाव कोणतं? आडनाव काय?" ते सामान कुठल्याच काट्यावर येत नाही आणि कस्टमवाला ते अडवतही नाही. ते घरीच ठेवून जायचं की नाही, हे भरणाऱ्याच्याच हातात आहे.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' तासाभरात वाचून होतं. वाचा, आणि काय वाटलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.