कुंडीतील फळझाडे
जागा अपुरी असल्यास कुंडीत वा पिंपात वाढवलेली फळझाडे. थंड प्रदेशांत लिंबूवर्गीय झाडे हिवाळ्यात आत हलवता यावीत म्हणून कुंडीत लावतात; व्हर्साय राजवाड्यातील संत्रागृह (१७ वे शतक) त्यासाठीच बांधले गेले. सफरचंदासाठी इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राचा एम २७ हा झाड ठेंगणे ठेवणारा खुंट वापरतात. मंठ्यासारख्या (जि. जालना) उष्ण ठिकाणी मात्र अडचण उलटी, कडक उन्हाची. येथे कागदी लिंबू, डाळिंब, अंजीर सोयीचे. नुसती काळी माती भिजली की चिकटते, सुकली की कुंडीच्या कडेने फट पडून पाणी मुळांना न मिळताच वाहून जाते. म्हणून पोयटा, शेणखत व वाळू यांचे मिश्रण भरतात. उन्हाळ्यात जाळीची सावली लागते. दर २-३ वर्षांनी मुळे छाटून माती बदलतात.